वाटणीवाल्याचे दहा सेकंद

आमच्या दोन दुकानांमधली भिंत डोक्याच्या उंचीपर्यंतच आहे, वर नुसती जाळी. त्यामुळे माझ्या झेरॉक्स मशीनची घरघर त्याला ऐकू येते आणि त्याची बडबड मला. चौदा वर्षं हा व्यवहार चालू आहे आणि त्यात तोटा कोणाचा, ते मी सांगायला नको.

सगळे त्याला वाटणीवाला म्हणतात. आधी तो टाइपरायटर दुरुस्त करायचा. ते बंद पडले तसा कॉम्प्युटरकडे वळला. जुन्या मशीनमध्ये जुनी सिस्टीम तशीच ठेवून शेजारी नवी बसवून देणं, ही त्याची खासियत. त्यासाठी डिस्कचे दोन हिस्से करावे लागतात, म्हणून हे नाव पडलं. गिऱ्हाइकाला तो सांगतो, "दोन सख्ख्या जावा आहेत असं समजा. चुली वेगळ्या, दार एकच. मशीन लावलं की ते दारातच विचारणार, आज कोणाकडे? तुम्ही सांगायचं."

काम तो चोख करतो, हे मान्य करायला हवं. डिस्कला हात लावण्याआधी गिऱ्हाइकापुढे कोरा कागद आणि पेन्सिल ठेवतो. "गेलं तर रडाल, ते लिहा." कागदावर उतरल्याशिवाय काम सुरू नाही. जे लिहिलं जाईल त्याची आधी वेगळ्या डिस्कवर नक्कल काढायची, मग हिस्से पाडायचे. एका बाईने "काही नाही" असं लिहिलं होतं. तिला त्याने दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने दीड पान लिहून आणलं.

त्याची दुसरी सवय मात्र मला कधीच आवडली नाही. तो कोणाला वाक्य पुरं करू देत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "काल लावलं तर..." आणि हा म्हणतो, "काळा पडदा, वर पांढरी रेघ, पंख्याचा आवाज." बहुतेक वेळा ते खरं असतं. लोक थक्क होतात, आणि हा शितावरून भाताची परीक्षा केल्याच्या थाटात माझ्या जाळीकडे बघतो. मी कागद मोजत असल्याचं दाखवते.

गेल्या वर्षी त्याच्याकडे एक मुलगी आली. मुलगी म्हणजे चाळिशीची, ऑफिसात नोकरी करणारी. घरी आई, निवृत्त गणिताच्या बाई. या बाई अठरा वर्षं एका वर्तमानपत्राला दर आठवड्याला शब्दकोडं करून देतात. ज्या प्रोग्रॅमवर कोडं बनतं तो फक्त जुन्या सिस्टीमवर चालतो. मुलीच्या ऑफिसचं काम मात्र जुन्यावर होईना. घरात कॉम्प्युटर एकच. दिवसा तो आईचा, संध्याकाळी मुलीचा.

"म्हणजे दोन्ही..." मुलगी म्हणाली.

"दोन्ही राहतील. घरीच येतो," वाटणीवाला म्हणाला.

आईला सहा महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात जवळजवळ गेलेला, बोलणं अतिशय सावकाश. डोकं मात्र शाबूत. एकेका शब्दासाठी त्यांना थांबावं लागायचं, आणि मुलगी लाडाने त्यांचं वाक्य पुरं करून टाकायची. पाणी का, खिडकी लावू का, औषध झालंय. वाटणीवाल्याला हे घर एकदम आपलं वाटलं असणार.

त्याने कागद पुढे केला. बाईंनी डाव्या हाताने 'को' काढला. पुढच्या अक्षराला वेळ लागतोय असं बघून याने पेन्सिल घेतली आणि 'डी' लिहून टाकलं. शब्द बरोबर होता. नऊशेच्या वर कोडी निघाली. सगळ्यांची नक्कल झाली, हिस्से पडले, नवी सिस्टीम बसली. मशीन लावल्यावर दोन ओळी येऊ लागल्या, वर नवी, खाली जुनी. दहा सेकंद काही केलं नाही, तर मशीन आपलं आपण नवीत जाणार.

"जुनी हवी असेल तर खालचा बाण दाबायचा आणि एंटर. दहा सेकंद असतात," त्याने बाईंना समजावलं.

"दहा..." बाई म्हणाल्या.

"दहा सेकंद. पुष्कळ होतात," वाटणीवाला म्हणाला. मुलगी हसली. हा पिशवी उचलून निघाला.

चौथ्या दिवशी मुलीचा फोन आला. आईची कोडी दिसत नाहीत. याने फोनवरच विचारलं, मशीन नवीत गेलंय का? गेलंच होतं. कोडी जागच्या जागी, जुन्या हिश्शात होती. बंद करा, परत लावा, बाण दाबा. दोन दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा उंटावरून शेळ्या हाकणं. मुलगी ऑफिसातून बोलत होती, आई घरी एकटी. "सकाळी लावून निघते, तर दुपारी वीज जाऊन बंद पडतं. मी संध्याकाळी लावून देते म्हटलं, तर नाही म्हणून मान हलवते," मुलगी म्हणाली. संध्याकाळी लावून दिलं तर हिने ऑफिसचं काम कशावर करायचं, हा हिशेब बाईंनी केला होता.

त्या आठवड्यात कोडं गेलं नाही. वर्तमानपत्राने जुनंच एक छापलं आणि संपादकांचा निरोप आला, फार गोड शब्दांत. बाईंनी आता विश्रांती घ्यावी. पुढच्या गुरुवारपर्यंत कोडं आलं नाही तर ती जागा दुसऱ्या कोणाला देऊ. झटक्यानंतर बाईंचं एवढं एकच काम उरलं होतं.

फोनवर मुलगी रडत होती. जाळीतून मला वाटणीवाल्याचा आवाज येत होता, "अहो ताई, सोपं आहे, नुसता बाण..." मला राग आला. मी म्हटलं, "सोपं आहे ना? मग जा आणि त्या कशा करतात ते बघ तरी. आणि तोंडाला कुलूप लावून बघ."

तो गेला. पुढचं त्यानेच मला सांगितलं, आणि स्वतःची बाजू न घेता सांगितलं.

बुधवार होता, मुलगी रजा घेऊन घरी होती. त्याने बाईंना एवढंच म्हटलं, "लावा. मी बघतो." आणि हात मांडीवर ठेवून बसला. बाईंनी खाली वाकून बटण दाबलं. सरळ व्हायला त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला. मग डाव्या हाताने उजवा हात उचलून टेबलावर ठेवला, नाहीतर तो लोंबतो आणि तोल जातो. मग चष्मा. चष्मा लागेपर्यंत पडद्यावर दोन ओळी येऊन दहापासून उतरणारा आकडा सहावर आला होता. डावा हात बाणाकडे निघाला, एका बटणावर थबकला, पुढे सरकला. पडदा बदलला. मशीन नवीत गेलं. बाईंनी हात मागे घेतला. चेहऱ्यावर काही नव्हतं. हे त्यांनी आठवडाभर रोज केलं होतं.

"मी मदतीला उठणार होतो," तो मला म्हणाला. "पण तू म्हणाली होतीस ना."

मग त्याने सेटिंग उघडलं. जुनी ओळ वर घेतली, नवी खाली. दहाचा आकडा पुसला आणि मोजणंच बंद केलं. आता कोणी काही दाबेपर्यंत मशीन तिथेच थांबणार होतं, तास लागो की दिवस. "मला रोज एक बटण जास्त," मुलगी म्हणाली, आणि लगेच, "चालेल, चालेल."

बाईंनी पुन्हा मशीन लावलं. हात, चष्मा, सगळं झालं. दोन ओळी तशाच उभ्या होत्या. बाईंनी एंटर दाबलं. कोडी आली.

त्या वळल्या आणि त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "दहा..."

मुलीने तोंड उघडलं. वाटणीवाल्याने हात वर केला. त्याच्या जिभेवरही काहीतरी आलं होतं, तो कबूल करतो. त्याला वाटलं आभार असतील. तो गप्प बसला. मिनिटभर तरी गेलं असेल.

"दहा... सेकंद... मला... पुरायचे नाहीत," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी... हेच... सांगत होते."