देवाच्या बंदुकीचा घोडा

...तर तिसराही घोडा बसला नाही, अन् गफ्फारभाईनं तो भट्टीत भिरकावला, इथवर काल आलो होतो.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या गावच्या देवाची ठासणीची बंदूक आहे. परवाना गावचा पुजारी इसरू याच्या नावानं. नळी शिशानं कधीचीच बंद केलेली, बार उडत नाही. जत्रेत देवापुढं मिरवायची, एवढंच तिचं काम. पण मोडकं हत्यार देवापुढं चालत नाही, अन् मागच्या जत्रेत तिचा घोडाच, म्हणजे वरून आपटतो तो तुकडा, तुटून गर्दीत हरवला. तसा सुटा भाग आता कुठं मिळतो? म्हणून जत्रा जवळ आली तसे इसरू अन् मी बंदूक गोधडीत गुंडाळून चंद्रपूरला गफ्फारभाईकडं गेलो.

गफ्फारभाईचा आजा शिकाऱ्यांच्या बंदुका दुरुस्त करायचा. शिकार बंद झाली, नातू कुलपं अन् शिलाई मशिनींवर आला. बंदूक दुरुस्तीच्या परवान्याची पाटी मात्र तो दरसाल रंगवतो. बंदूक हाती येताच त्यानं बायकोला, जमीलाबाईला, बाहेर बोलावून दाखवली. असा खूश!

ती खुशी पहिल्या घोड्यापुरतीच. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं लोखंड कानशीनं घासघासून केलेला तो घोडा तिरपा बसला. दुसरा वर उठेना. तिसरा मध्येच अडला. गफ्फारभाईनं आधी लोखंडाला शिव्या दिल्या, मग कानशीला, मग स्वतःच्या चष्म्याला. जमीलाबाई आतून म्हणाली, मशीनवाले गिऱ्हाईक परत चालले अन् मालक घोडे खेळून राह्यले. इसरू तोंड पाडून बसला. घोडा नाही तर बंदूक नाही, अन् बंदुकीशिवाय देव जागचा हलत नाही.

मी बसल्या बसल्या बंदुकीवर नख फिरवलं. इसरूनं माझ्या हातावर चापट मारली, पण तोवर हळदीचा जाड पापुद्रा निघाला होता. गावात लग्न झालं, लेकरू झालं, नवं धान्य आलं की घरोघरचं हळद-तेल तिच्यावर चढतं. घोड्याच्या रिकाम्या जागेतही तेच वर्षभर साचलेलं. सकाळी माप घेताना ते कडक असायचं, दुपारी भट्टीजवळ मऊ होऊन सरकायचं, अन् माप चुकायचं.

गफ्फारभाईनं कानशी खाली ठेवली अन् चष्मा वर करून तो पापुद्रा पाहिला.

"मंग आधी खरवडलं काऊन नाई?" मी गफ्फारभाईला विचारलं.

"देवाचं हाय, भाऊ. मी कसा खरवडू? तुम्ही तर सांगाचं!"

"मले वाटलं, तुले समजते."

आता खरवड म्हणावं, तर तेही जमेना. ती हळद जत्रेच्या सकाळी नदीवर, देव न्हातो तेव्हाच उतरते. त्याआधी पुजाऱ्यालाही मनाई. अन् मिरवणूक त्याच दुपारी.

गफ्फारभाईनं कपाळाला हात लावला. इसरूनं हळूच विचारलं, भट्टी घेऊन नदीवर येशील का? गफ्फारभाईनं विझत्या भट्टीतले निखारे मागं ओढले अन् म्हणाला, "येतो, भाऊ. पन तुमच्या देवाले सांगून ठेवा, यंदा जरा जल्दी न्हाऊन घे."