रुखवतातला वीतभर पलंग कुणाच्या हातचा?

माझी नात ऋतुजा पुण्यात नोकरी करते आणि पगार झाला की बाहुल्यांचं फर्निचर विकत घेते. तिच्या खोलीत माणसाला टेकायला एक धड खुर्ची नाही, पण वीतभर उंचीच्या खुर्च्या दोन फळ्या भरून आहेत. मी काही बोलत नाही. बोलले तरी ऐकणार कोण?

या जानेवारीत ती बारामतीला आली ती खोकं घेऊनच. आत जुन्या कापसात गुंडाळलेला लाकडी संसार होता: एक पलंग, आरशाचं कपाट, दोन खुर्च्या. जुन्या वस्तू विकणाऱ्या एका माणसानं तिला तो 'इंदापूरच्या मेहबूब खरादींचा, अस्सल जुना' म्हणून दिला होता. पुढच्या आठवड्यात पुण्यात अशा लहान वस्तूंचं प्रदर्शन होतं. तिथल्या बाईंना हिनं शब्द दिला होता की जुन्या कामाच्या फळीवर हा संच मांडते, कारागिराच्या नावाची चिठ्ठी लावून. शब्द देऊन बसली आणि मग झोप उडाली, कारण वस्तूवर ना नाव, ना खूण. चिठ्ठी खोटी निघाली तर पुन्हा त्या दारात उभं करणार नाहीत.

मला म्हणाली, "आजी, तू त्यांच्या दुकानात गेली होतीस ना?"

गेले होते. माझ्या लग्नाच्या आधी, आत्याबरोबर. तेव्हा नवरीच्या रुखवतात लाडू-करंज्यांच्या शेजारी असा छोटा संसार मांडायची पद्धत होती, आणि आमच्या भागात तो इंदापूरच्या मेहबूबचाचांकडूनच यायचा. खरादावर लाकूड फिरवून लाटणी, पोळपाट, पाळण्याचे खूर करता करता ते हेही करायचे. चाचा जाऊन वर्षं झाली, पण मुलगा इस्माईल आहे. म्हटलं चल, बघून येऊ. घरी बसून तरी मी काय, टीव्हीतल्या सुनांची भांडणं सोडवणार?

सकाळी चहा-चपाती खाऊन निघालो. तुम्ही जाणार असाल तर भवानीनगरकडून जा, रस्ता आता रुंद झालाय. फक्त गाळपाचे दिवस असले तर ऊस भरलेल्या ट्रॉल्यांच्या मागं घाई करू नका. त्या सरकत नाहीत आणि त्यांना मागचं दिसतही नाही. ऋतुजा गाडी बरी चालवते, हॉर्न मात्र उगाच वाजवते.

पहिला थांबा कळंब. तिथं माझी मावसबहीण मालन राहते. तिच्या रुखवतातला पलंग आमच्या डोळ्यादेखत मेहबूबचाचांकडून आलेला, त्यामुळं तो अस्सल यात शंका नव्हती. अस्सल हातात धरल्याशिवाय दुसऱ्याची पारख कशी करणार? ज्वारी घेतानाही आपण आधी घरची मूठभर नेतोच की.

मालन दारातच होती. मला बघून म्हणाली, "मोटार आली म्हनून आली व्हय गं आक्का? पायानं कवा सुचलं न्हाय ते."

मी म्हटलं, चहा टाक, भांडण नंतर.

पलंग टीव्हीशेजारच्या काचेच्या कपाटात होता, वर प्लास्टिकचा गणपती झोपवलेला. गणपतीला उठवून आम्ही दोन्ही पलंग शेजारी ठेवले. ऋतुजानं भिंग काढलं, पट्टी काढली. पायांवर मेहबूबचाचांची खूण असते: खरादावर काढलेली तीन कडी, मधलं जाड. दोन्हीकडं तशीच. लाखेचा रंग तोच, मळक्या कुंकवासारखा. उंची सारखी. पोरीचा चेहरा असा फुलला की मालननं विचारलं, हिचं लग्न ठरलं काय.

पण माझी नजर दुसरीकडं होती. मालनच्या पलंगाच्या चौकटीला काठानं बारीक भोकं आहेत आणि त्यातून सूत ओवून पलंग विणलेला आहे. पूर्वी खरादी नुसती चौकट द्यायचा. विणायचं ते नवरीच्या घरच्या बायकांनी. मुलाकडच्या बायका रुखवत बघायला आल्या की पहिलं बोट त्या विणीवर दाबायच्या. ढिली लागली की झालं, पोरीला कामाची सवय नाही असं लग्नात ठरून जायचं. मालनची वीण तिच्या आईची आहे, आजही बोट वर उसळतं.

ऋतुजाच्या पलंगालाही काठानं भोकं होती. आणि वर फळी ठोकलेली होती.

एखाद्यानं वीण तुटल्यावर नंतर फळी टाकली असं होऊ शकतं. पण मग भोकांच्या कडा सुतानं घासून गुळगुळीत झालेल्या दिसायला हव्यात. इथं कडा कोऱ्या होत्या. मी ओलं बोट पलंगाच्या पोटावरून फिरवलं तर काळं आलं. म्हातारपण असं बोटाला लागत नाही. ती काजळी होती. कुणीतरी धूर देऊन जुनं केलं होतं. ऋतुजा खुशीत फोटो काढत होती, म्हणून मी तिथं काही बोलले नाही. खात्री झाल्याशिवाय पोराच्या हातातला घास काढू नये.

मालननं वांग्याची भाजी आणि भाकरी खायला लावली, वर शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. टोमणे आणि चटणी दोन्ही तिच्याकडं फुकट असतात.

पुढं निमगाव केतकी लागतं. पानमळ्यांचं गाव. तिथं थांबून पान खा, ताजं असतं. मी एक खाल्लं, एक बांधून घेतलं.

इंदापुरात इस्माईलचं दुकान बाजाराच्या तोंडाशी आहे. आता तिथं प्लायवूड, बिजागऱ्या, फेविकॉलचे डबे. आत कोपऱ्यात खराद आहे, त्यावर मोजमापाची टेप आणि जेवणाचा डबा. इस्माईल आता साठीचा. मी लग्नाआधी आले तेव्हा तो खरादाखालच्या भुशात खेळत होता. ओळख सांगितल्यावर लगेच उठला, खुर्ची पुसली, चहा सांगितला.

ऋतुजानं संच टेबलावर मांडला आणि प्रदर्शनाचं, चिठ्ठीचं सगळं सांगितलं. पुण्यात बापाचं नाव लागणार म्हटल्यावर इस्माईल पुढं सरकून बसला. मग वस्तूंकडं एकदा बघून म्हणाला, "अब्बांचंच हाय."

पोरगी हसली. मला मात्र एक गोष्ट खटकली. लाकूडकाम करणारा माणूस वस्तू हातात आली की आधी उलटी करतो, खालचा जोड बघतो. इस्माईलनं पलंगाला हातसुद्धा लावला नाही. पोटाखाली काय आहे ते ज्याला ठाऊक असतं तोच बघत नाही.

मी पलंग उलटा करून त्याच्यापुढं धरला. "इस्माईल, वर फळीच टाकायची होती, तर भोकं कशाला पाडलीस?"

"अब्बा पाडायचे," तो म्हणाला.

चहा आला, कुणी उचलला नाही. ऋतुजा एकदा माझ्याकडं बघे, एकदा त्याच्याकडं.

मग त्यानं सावकाश सांगितलं. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होतं, तेव्हा खरादावरचं सामान उतरवलं आणि हात विसरलाय का बघावं म्हणून हा संच केला. जसा अब्बांना करताना पाहिलं होतं तसा. भोकं आपोआप पडली. पण विणणार कोण, म्हणून फळी टाकली. पुढं एकानं कुणाच्या रुखवताला म्हणून नेला. जुना आहे असं इस्माईल कधी म्हणाला नव्हता आणि धूरही त्यानं दिलेला नव्हता. त्यावर माझा विश्वास आहे, कारण काजळी बघून तो जितका चिडला तितका पकडला गेल्यावर चिडला नाही. लाखेवर धूर म्हणजे दुधात मीठ, म्हणाला.

ऋतुजानं विचारलं, "चाचा, मग तुम्ही अब्बांचं का म्हणालात?"

"सगळ्या तालुक्याच्या लग्नात त्यांचं काम मांडलं गेलं बेटा. नाव कुटंबी लागलं न्हाय. आज लागतंय म्हनलं, तर लागू दे."

पोरगी विरघळायला लागली. मला दिसत होतं, ती आता 'जाऊ दे, मेहबूब खरादीच लिहू' म्हणणार. मी आधीच बोलले. "बापाचं नाव लावायचं तर बापानं केलेलं काम दाखव. त्यांनी उभ्या जन्मात पलंगावर फळी टाकली नाही. ही तुझी फळी त्यांच्या माथी मारू नकोस."

इस्माईलनं मधल्या जाड कड्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "खरं हाय आक्का. अब्बांनी बघितली असती तर माझ्याच डोक्यात घातली असती." आणि हसला. थंड झालेला चहा आम्ही तसाच प्यायलो.

परत येताना हायवेनं आलो. लोणी देवकरला कारखान्यांची पाळी सुटली होती, गर्दी फार. पळसदेवला बॅकवॉटरकाठी थांबलो. पाण्यातलं जुनं देऊळ बघायचं असेल तर उन्हाळ्यात जा. आता धरण भरलेलं होतं, नुसतं पाणी आणि होड्या. काठावरच्या खानावळीत चिलापीचं कालवण आणि भाकरी मिळते, दोघींचं पाचशेच्या आत भागतं. काटे फार नाहीत, तिखट मात्र सांगून कमी करून घ्या.

ऋतुजानं तिथूनच प्रदर्शनाच्या बाईंना फोन लावला. मासा ताटात गार होत होता. हिनं सरळ सांगितलं की संच जुना नाही, कारागीर हयात आहे, नाव इस्माईल. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण हिची मान खाली गेली. जुन्या कामाच्या फळीवर जागा नाही म्हणाल्या. कडेला नव्या कामाचं एक टेबल आहे, आणायचा तर तिथं आणा. हिनं आणते म्हणून सांगितलं आणि मग दोन भाकरी खाल्ल्या. रडली नाही. माझ्यावर गेलीय.

भिगवणवरून बारामतीत पोचलो तेव्हा दिवे लागले होते. ऋतुजानं ओल्या फडक्यानं काजळी पुसली, खाली लाख चकचकीत निघाली. मी म्हटलं फळी काढ, मी विणून देते. तर माझ्या हातावर चापट मारली. फळी काढली तर त्यांचं काम कसं राहील, म्हणे. माझंच बोलणं माझ्यावर उलटवलं. मग तिनं चिठ्ठी लिहिली: 'इस्माईल खरादी, इंदापूर. वडील मेहबूब यांच्याकडे पाहून शिकलेले.' फोटो काढून इस्माईलला पाठवला.

मला वाटलं, आभार मानील, नाहीतर अंगठा पाठवील. त्याचा फोनच आला, तोही तिला नाही, मला. "आक्का, त्या कपाटाचं दार घट्ट बसतंय. माझं नाव लावून तसं मांडू नका. पुन्याला न्यायच्या आधी पाठवून द्या, घासून देतो."

दुपारी तेच कपाट त्याच्या टेबलावर तासभर उभं होतं. बापाचं होतं तोवर दाराबद्दल चकार शब्द काढला नव्हता पठ्ठ्यानं.