व्हिएन्नाच्या गावदेवीची ओटी

युरोपच्या सहलीतलं पहिलंच गाव व्हिएन्ना, आणि तिथं आमच्या वाट्याला एकच दिवस आला होता. बस सकाळी शहराच्या मधोमध सोडणार आणि संध्याकाळी उचलणार. बाकीच्यांनी त्यात राजवाडा, कॉफी आणि चॉकलेटचा केक बसवला होता. माझ्या पर्समध्ये शेंडीचा नारळ होता.

नारळ आत्तींचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. मामंजी जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. तेव्हापासून आत्तींची ओटी कुणी भरत नव्हतं, आणि देवीची त्या माझ्या हातून भरून घ्यायच्या. निघताना त्यांनी नारळ, हिरवा खण, तांदूळ आणि हळदकुंकवाची पुडी दिली. "पयल्या गावात उतरलीस की तिथल्या गावदेवीची ओटी भर. तिला न इचारता हिंडू नगंस."

मी तेव्हा पन्नाशीची, शाळेत इंग्रजी शिकवणारी. पायात नवे पांढरे बूट, डोळ्यांवर गॉगल. असलं काही आपण मानत नाही, असं गल्लीभर सांगून झालेलं. पण परत गेल्यावर आत्ती विचारणार, आणि त्यांच्या तोंडावर खोटं बोलणारं माणूस आमच्या घरात अजून जन्मलं नव्हतं. तेव्हा पुढारलेल्या बाई नारळ खांद्याला अडकवून युरोप बघायला निघाल्या.

आमची गाइड तिथलीच एक तरुण पोरगी. तिला मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत विचारलं, या गावाची देवी कोणती? बिचारीनं संसदेपुढं नेलं. तिथं शिरस्त्राण घातलेली, भाला घेतलेली उंच देवी उभी. पण सभोवती कारंजं. ओटी भरायची तर पोहत जावं लागलं असतं. शिवाय ती मूळची ग्रीसची निघाली. "म्हणजे पावणीच की," आमचे हे म्हणाले. "गावदेवी कशी हुईल?"

रंगीत कौलांच्या मोठ्या चर्चमध्ये लेकरू घेतलेली आई दिसली. मी पर्सची चेन उघडते तोवर रखवालदारानं अशी नजर टाकली की मी तिथल्या तिथं छताची नक्षी बघायला लागले. दुपार झाली. मंडळी केक खात होती आणि मी खिडकीतून पुतळे हेरत होते. सगळे मेले घोड्यावरचे पुरुष.

शेवटी दोन संग्रहालयांच्या मधल्या बागेत ती सापडली. उंचावर ऐसपैस बसलेली राणी, हात पुढं केलेला, पायाशी सरदार. या घरात हिचंच चालतं, हे लांबूनही कळत होतं. मी बूट काढले, चौथऱ्याशी खण पसरला, नारळ ठेवला, ओंजळीनं तांदूळ घातले, हळदकुंकू वाहिलं. हे तोवर दहा पावलं लांब जाऊन अनोळखी माणसासारखे झाडं बघत होते.

मागं वळले तर पोलीस. कापड पसरून त्यावर शेंडी असलेली गोल वस्तू राणीच्या पायाशी ठेवून बाई मोज्यांवर उभी, हे त्याच्या नोकरीत पहिल्यांदाच घडलं असावं. माझं इंग्रजी ऐन वेळी कोल्हापूरला पळालं. "गिफ्ट, फॉर मॅडम," एवढंच सुचलं. त्यानं नारळ उचलला, कानाशी हलवला, आतलं पाणी ऐकलं आणि हसून खणासकट माझ्या ओंजळीत ठेवला. अगदी पुजारी प्रसाद देतो तसा. मी त्याला वाकून नमस्कारच केला.

बसकडं चालताना गाइडनं त्या राणीची गोष्ट सांगितली. नवरा गेल्यावर तिनं मरेपर्यंत काळे कपडे सोडले नाहीत म्हणे. आपण विधवेची ओटी भरली. आता आत्तींना काय सांगायचं? हे म्हणाले, नुसतं राणी म्हण, पुढचं गाळ. उरलेली सहलभर मी ते गाळून बोलायची तालीम केली.

घरी आल्यावर आत्तींनी चहाच्या आधी विचारलं, आणि मी काहीही न गाळता सगळं ओकले. काळ्या कपड्यांसकट. आत्तींनी परत आलेला नारळ हातात घेतला.

"रागावली का ती?"

"नाही. प्रसाद दिला की."

"आन् ते गाव?"

"चांगलं चाललंय त्यांचं."

आत्ती उठल्या, पाटावर बसल्या आणि माझ्यापुढं पदर पसरला. "मग भर की माझीबी. बघत काय ऱ्हायलीस?"

मी भरली. थोडे तांदूळ जमिनीवर सांडले, ते मात्र त्यांनी मला एकेक करून वेचायला लावले.