दोन शेवंडांचे रंग

कवडू धकात्याचा माग बंद पडला आणि तो कॉलेजात, झूलॉजीच्या लॅबमध्ये शिपाई म्हणून लागला. गोळीबार चौकातले कोष्टी म्हणाले, "सुतातून निघाला अन् सापात पडला." लॅबमध्ये साप होतेच. शिवाय दोन बरण्यांत दोन शेवंडं होती, म्हणजे समुद्रातले काटेवाले मोठे झिंगे. नागपुरात समुद्र नसल्यानं त्यांच्याशी कुणाचं काही वाकडं नव्हतं.

कवडूची नोकरी कच्ची होती. त्र्याहत्तर साली कॉलेज तपासायला कमिटी येणार ठरलं, तेव्हा विभागप्रमुख शरच्चंद्र सर म्हणाले, "लॅब नीट दिसली तर तुला कायम करायला सांगतो. पण ही शेवंडं बघ. दोन जवळच्या जाती. डावीच्या शेपटीवर आडवे पट्टे असतात, उजवीच्या अंगावर ठिपके. फॉर्मलिनमध्ये रंग उडाला, आता दोन्ही उकडलेल्या बटाट्यासारखी. फरक दाखवायचा कसा?"

सर स्वतःशीच बोलत होते. कवडूला काम सांगितल्यासारखं वाटलं.

रविवारी तो बरण्या सायकलला लटकवून घरी घेऊन आला. सूत रंगवायचा रंग घरात उरलेला होता. पण डावी कोणती अन् उजवी कोणती, ते धंतोलीचा पूल उतरेपर्यंत डोक्यातून गळून गेलं.

"पाह्य वं, पट्टे कोनाले अन् ठिपके कोनाले?" त्यानं बायकोला, तुळजाबाईला विचारलं.

तिनं नाकाला पदर लावून दोन्ही शेवंडं उलटी केली. एकाच्या पोटाखाली अंडी चिकटलेली होती.

"अवो, हे बाई हाय. नवरा-बायको दिसून राहिले. सवाष्णीले बिनकाठाचं नेसवता का? पट्टे तिले द्या. गड्याले ठिपक्याची बुट्टी मारा."

कोष्ट्याच्या घरात यावर दुसरं मत नसतं. अंडीवालीला शेपटीच्या प्रत्येक कड्यावर काठ मिळाला, दुसऱ्याला बुट्टी.

कमिटी आली. तिच्यातल्या चारुशीलाबाई किनाऱ्यावरच्या. बरण्या पाहून त्यांनी चष्मा पुसला.

"हे उलट झालंय. या अंडीवालीच्या शेपटीवर आडव्या खाचा आहेत, कडा कातरल्यासारख्या. ती ठिपक्यांची. गुळगुळीत पाठीची ती पट्ट्यांची. रंग कुणी दिला?"

"म्या," कवडू म्हणाला. सर खिडकीबाहेर पाहू लागले.

"पुसून टाका."

कवडूनं सोडा घातला, साबण लावला, काथ्यानं घासलं. रंग तसाच.

"निघत नाही, मॅडम. माह्या रंगाचं लुगडं फाटते, रंग जात नाही." हे तो रडकुंडीला येऊन सांगत होता. बाईंना ती फुशारकी वाटली.

"पण असं का केलंत?"

"नवरा-बायको हायेत म्हून."

"दोन्ही माद्या आहेत."

कमिटीनं चहा घेतला. जाताना बाई सरांना म्हणाल्या, "सांगितलं नसतानाही काम करणारा शिपाई आहे. कायम करा. फक्त प्राण्यांपासून लांब ठेवा."

संध्याकाळी तुळजाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"दोन्ही बायाच? मंग एकीले बिनकाठाचं नेसवलं आपन? पाप लागन ना!"

"नोकरी पक्की झाली, ते ऐकलं का तू?"

"कुठं?"

"बॉटनीत. वाळलेली पानं सांभाळाची हायेत. पयले हिरवी होती म्हनतेत."

तुळजाबाई उठली आणि हिरव्या रंगाचा डबा फळीवरून काढून शेजारच्या इंदूबाईला देऊन आली.