खुर्चीखालची कोयती

पेणच्या खाडीपट्ट्यात कबड्डी खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं, जगनच्या हातात घोटा सापडला की सुटत नाही. तरुणपणी त्याला मगर म्हणायचे. एका वर्षी चढाईला आलेल्या पोराचा पाय त्याने असा पिळला की गुडघ्यातून वाळकी फांदी मोडल्यासारखा आवाज आला. तो ऐकून मैदानाभोवतीची माणसं आरडाओरडा करत उठली, शिट्ट्या वाजल्या. त्या पोराचं पुढे काय झालं ते जगनने कधी विचारलं नाही. जिंकलेली ढाल खांद्यावर घेऊन तो गावात आला आणि त्या दिवशी त्याच्या दारात दोन कोंबडे कापले गेले.

वय झालं तसा तो पंच झाला. हिवाळ्यापासून मिठागरावर मीठ ओढायचं, पावसाच्या तोंडावर पेणला गणपतीच्या कारखान्यात माती तुडवायला जायचं आणि सामन्यांच्या दिवसांत दर रविवारी गळ्यात शिट्टी अडकवून गावोगाव फिरायचं, असं त्याचं चाललं होतं. पोटाला पायच मिळवून देत होते. बायको काशीबाई मिठागरावर त्याच्या जोडीनेच राबायची. मूलबाळ नव्हतं. जगन तापट होता, पण तिच्यावर त्याने हात उगारला नव्हता, आणि त्याचा तिला मनातून अभिमान होता.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत रोहे तालुक्यातल्या एका गावात अंतिम सामना होता. कापणी झालेलं शेत चोपून मैदान केलेलं. शेवटची चढाई, दोन्ही संघांचे गुण सारखे. चढाईला आला निकेश, खांब गावाच्या बाजूचा चोवीस वर्षांचा पोरगा, रोह्याला कंपनीत शिफ्टवर जाणारा. एकाला शिवून तो वळला तसे तिघे त्याच्यावर पडले. मातीचा लोट उठला. त्या ढिगातून निकेशचा उजवा हात मध्यरेषेकडे सरपटत आला. जगनने शिट्टी फुंकली आणि हात वर केला.

"बाद!"

क्षणभर कोणाला काही कळेना. मग निकेश ढिगातून उठला. तोंड मातीने माखलेलं, ओठ फुटलेला.

"हात लागलाय माझा! रेषेला हात लागलाय!"

"बाद म्हणजे बाद," जगन म्हणाला. "चल हो बाहेर."

त्याच वेळी मागून कोणीतरी जगनच्या मानेवर ठोसा घातला. दोन्ही बाजूंची माणसं मैदानात घुसली. खुर्च्या उडाल्या, मंडपाचा एक खांब कलला. जगन पालथा पडला, कोणीतरी त्याच्या पाठीवर गुडघा रोवला. मान वळवून त्याने पाहिलं, तेव्हा त्याला निकेश दिसला. हातात मंडप ठोकायची लोखंडी पहार होती. ती त्याने दोन्ही हातांनी उचलली आणि जगनच्या उजव्या टाचेवर घातली. एकदा. मग परत एकदा.

पेणच्या इस्पितळात डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला. टाचेच्या हाडाचा भुगा झाला होता. तीन तास ऑपरेशन चाललं. एक पट्टी आणि आठ स्क्रू घालून त्यांनी पाय जुळवला आणि बजावलं, "अडीच महिने हा पाय जमिनीला टेकवायचा नाही. माती तुडवायचं तर विसराच."

पोलीस जबाब घेऊन गेले. मैदानाभोवती हजारभर माणूस होतं, पण साक्षीला एकही उभा राहिला नाही. गर्दी होती, धूळ होती, कोणी मारलं ते दिसलं नाही, एवढंच सगळे सांगत. जगनच्या स्वतःच्या गावातली पोरंही तेच म्हणाली, कारण त्यांनाही पुढे त्याच मैदानांवर खेळायचं होतं.

इस्पितळातच कोणीतरी त्याच्या मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. अर्ध्या मिनिटाचा. त्यात मातीचा लोट होता, माणसांचा ढीग होता, आणि त्यातून बाहेर आलेल्या हाताची दोन बोटं पांढऱ्या रेषेवर स्पष्ट टेकलेली होती. शिट्टी त्यानंतर वाजली होती.

जगनने तो व्हिडिओ पन्नास वेळा पाहिला. पंच म्हणून आपण चुकलो हे त्याला पहिल्याच वेळी कळलं. पण त्यामुळे राग विझला नाही, उलट आणखी पेटला. निकेश खोटारडा असता तर त्याला नुसती शिवी देऊन जगन मोकळा झाला असता. पोरगा खरा होता आणि वर पायही फोडून गेला होता, हे काही त्याच्या गळ्याखाली उतरेना. काशीबाई आत आली की तो मोबाईल उलटा ठेवायचा.

काशीबाईने औषधाच्या दुकानातून चाकाची खुर्ची भाड्याने आणली. तिच्या कडक बैठकीवर अंथरायला जुन्या लुगड्यांची जाड गोधडी शिवली. घरात बसून माणूस कुजेल, म्हणून ती त्याला रोज बाहेर काढायची. गावाच्या बांधावरून मुख्य रस्त्यापर्यंत खुर्ची ढकलत न्यायची, तिथून भावकीतला काळुराम आपल्या सहा आसनी मिनीडोअर रिक्षात दोघांना घालून पेणला सोडायचा. खुर्ची घडी करून टपावर बांधायची, जगनला काखेत धरून आत बसवायचं. खड्डा आला की पायातून कळ डोक्यात जायची आणि जगन काळुरामच्या सात पिढ्या काढायचा.

"शिव्या दे बाबा," काळुराम हसायचा. "भाडं नाय घेत मी, शिव्या तरी घेतो."

पण पेणच्या बाजारातलं जगनचं वागणं बघून काशीबाईला भीती वाटू लागली. खुर्चीत बसल्यावर माणसाच्या नजरेला दुसऱ्यांचे कंबरपट्टे आणि पिशव्या तेवढ्या दिसतात. लोक त्याच्या डोक्यावरून तिच्याशी बोलायचे, "काय झालं ह्यांना?" म्हणून तिला विचारायचे. एक मोटारसायकलवाला मागून हॉर्न वाजवत राहिला, तेव्हा जगनने त्याच्या हँडलला धरून गाडीसकट त्याला आडवा केला. भाजीवालीच्या टोपलीला चाक लागलं, तिने तोंड सोडलं, तर त्याने टोपली उचलून रस्त्यात भिरकावली. काशीबाईने गुडघ्यावर बसून वांगी गोळा केली.

"अवं, काय ह्ये?" घरी आल्यावर ती म्हणाली. "पाय फुटलाय का डोकं?"

"तू नुसती ढकल," तो म्हणाला. "बोलू नको."

गोधडीच्या खाली, बैठकीच्या कापडावर, एक कोयती होती. नारळ सोलायची, घरातलीच. पहिल्या आठवड्यातच त्याने ती पोत्यात गुंडाळून तिथे सरकवली होती आणि रोज तिच्यावर बसून तो बाहेर पडत होता. खुर्ची घडी करायच्या वेळी गोधडीची गुंडाळी तो कोयतीसकट स्वतःच उराशी धरायचा. कबड्डीवाल्याला कबड्डीवाल्याची खबर लागते. निकेशची शिफ्ट कधी सुटते, कंपनीची गाडी त्याला रोह्याच्या बाजारात कुठे उतरवते, उतरल्यावर तो कोणत्या गाडीवर वडापाव खातो, हे सगळं जगनने फोनवर एकेकाशी गोड बोलून काढून घेतलं.

मार्चच्या मधल्या आठवड्यात तो काशीबाईला म्हणाला, "उद्या रोह्याला जायचंय. पोलिसांनी जबाबाला बोलावलंय."

तिला बरं वाटलं. निदान कोणीतरी विचारतंय. तिने डब्यात चपात्या आणि सुकटीची चटणी बांधली. पेण स्टेशनवर दोन हमालांनी खुर्चीसकट त्याला उचलून दिव्यांगांच्या डब्यात चढवलं. गाडी निघाली तसं तिने त्याला घास दिला, तो खाईना.

"तू खा," तो म्हणाला आणि मांडीखालची गोधडी सारखी करत राहिला.

"घाबरू नका. खरं हाय ते सांगायचं," ती म्हणाली.

रोह्याला उतरल्यावर तिने पोलीस स्टेशनचा रस्ता विचारला. जगन म्हणाला, "अजून वेळ हाय. आधी बाजारात चल, चहा घेऊ." तिने खुर्ची बाजाराकडे वळवली. ऊन रणरणत होतं. वडापावच्या गाडीपासून दहा पावलांवर त्याने तिला थांबवलं. ती पदराने त्याचा घाम पुसत होती, तेवढ्यात कंपनीची गाडी थांबली आणि निळ्या शर्टातली सात-आठ पोरं उतरली.

निकेशने त्याला लगेच ओळखलं. तो जागीच थबकला. बरोबरचा एक जण त्याला हाताला धरून ओढू लागला, पण निकेशने हात सोडवून घेतला आणि तो सरळ खुर्चीकडे आला. प्लास्टरमधल्या पायाकडे पाहिलं. मग खुर्चीसमोर उकिडवा बसला आणि एक हात खुर्चीच्या हातावर ठेवला.

"मामा," तो म्हणाला, "माझं डोकं फिरलं होतं त्या दिवशी. माझ्याकडून झालं ते. मना झोप नाय लागत. पण माझा हात रेषेला लागला होता, मामा. देवाशपथ लागला होता."

"माहीत हाय मना," जगन म्हणाला.

त्याने डाव्या हाताने निकेशचं मनगट पकडलं. ती जुनीच पकड होती. उजवा हात मांडीखाली गेला आणि कोयती घेऊनच वर आला. पोरगा ओढू लागला, पण हात सुटेना. खुर्चीच्या लोखंडी हातावर त्याचा पंजा दाबून धरून जगनने घाव घातला. खण्णकन आवाज झाला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तुटून रस्त्यावर पडलं. निकेश ओरडला नाही. तो तोंड उघडं ठेवून आपल्या हाताकडे नुसता पाहत राहिला. ओरडली काशीबाई.

जगनने दुसरा घाव घालायला हात उचलला, तेव्हा खुर्ची मागे ओढली गेली. काशीबाईने दोन्ही मुठींनी ती ओढली आणि मग सगळा भार टाकून आडवी केली. जगन कुशीवर कोसळला. कोयती घरंगळत गेली. निळ्या शर्टातली पोरं त्याच्यावर तुटून पडली. लाथा बरगड्यांत बसल्या, तोंडावर बसल्या. एकाने मुद्दाम प्लास्टरवर उडी मारली. आतली भरत आलेली जखम उसवली आणि पांढऱ्या प्लास्टरवर लाल डाग पसरू लागला.

जगनला वाटलं, आता काशी मध्ये पडेल. त्याने तिला हाकही मारली. ती मध्ये पडली नाही. तिने आपला पदर फाडून निकेशच्या पंजाला गच्च आवळला, रस्त्यावरची बोटं डब्यातल्या चपात्यांच्या फडक्यात उचलली आणि त्याला धरून रिक्षात घातलं. रिक्षात चढताना तिने एकदाच मागे वळून पाहिलं.

"एवढे दिवस मी ह्येच ढकलत होते व्हय?" ती म्हणाली. "आता तुमी तुमचं बघा."

रिक्षा गेली. कोणीतरी म्हणालं, मरेल हा, सोडा. पोरं बाजूला झाली. भर बाजारात शंभर माणसं उभी होती, आणि जगन रक्ताळलेल्या तोंडाने रस्त्यावर पडला होता. एकानेही हात दिला नाही. तो कोपरांवर सरपटत खुर्चीपाशी गेला, ती उभी केली, ब्रेक लावला आणि तिसऱ्या प्रयत्नात वर चढला. मग चाकांना हात घातला. त्या दिवसापर्यंत त्याने स्वतः ती खुर्ची दहा हातही चालवली नव्हती. एक चाक वाकलं होतं, खुर्ची सारखी डावीकडे ओढत होती. तळहात सोलून निघाले. पोलीस स्टेशनच्या दारात पायरी होती. तिथे थांबून तो आत बसलेल्या हवालदाराला म्हणाला, "मी एकाची बोटं तोडून आलोय. मना वर घ्या."

बोटं जोडता आली नाहीत. जगनच्या टाचेत पू झाला, कोठडीतून त्याला पुन्हा टेबलावर न्यावं लागलं, आणि दुसऱ्या ऑपरेशनने पाय वाचला तरी टाच वाकडी राहिली. जामिनावर तो गावी आला तेव्हा खाडीवर पाऊस कोसळत होता. काशीबाई घरातच होती. तिने पोलिसांना सगळं जसंच्या तसं सांगितलं होतं, कोयती आपल्या घरातली आहे हेही. ती त्याला जेवायला वाढायची, जखम धुऊन पट्टी बांधायची, पण खुर्चीच्या मुठींना तिने परत हात लावला नाही. बांधावरच्या चिखलात चाक रुतलं की जगन एकटाच झगडायचा. ती दारातून बघायची आणि आत जायची.

एकदा तो न राहवून म्हणाला, "माझी बायको हाईस का त्याची आई?"

"तुमची बायको हाय," ती म्हणाली, "म्हणून तर लाज वाटते."

त्यावर त्याने हातातलं ताट भिंतीवर फेकलं. ती शांतपणे उठली, भात गोळा करून कोंबड्यांना घातला, आणि त्या संध्याकाळी दुसरं ताट वाढलं नाही.

खटला उभा राहिला तेव्हा जगन कुबडीवर चालू लागला होता. वकिलाने त्याला पढवलं होतं, स्वसंरक्षण म्हणायचं, पोरांनी आधी हल्ला केला म्हणायचं. मागच्या बाकावर काशीबाई बसली होती. न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का.

"कबूल हाय," जगन म्हणाला.

वकिलाने कपाळाला हात लावला.

"अजून एक सांगायचंय साहेब. त्या पोराचा हात रेषेला लागला होता. मी चुकीचा बाद दिला. मना ते इस्पितळातच कळलं होतं."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. या खटल्याशी त्याचा संबंध नाही, असं ते म्हणाले आणि कारकुनाने ते वाक्य लिहिलंही नाही.

पहारीच्या प्रकरणात निकेशने शेवटपर्यंत काही कबूल केलं नाही. बाजारात मामा म्हणून जे बोलला होता, तेही त्याने नाकारलं. पुराव्याअभावी ते प्रकरण बंद झालं. त्याची कंपनीतली नोकरी सुटली, आता तो भावाच्या दुकानात बसतो. कबड्डी सुटली. कोर्टाच्या आवारात तो काशीबाईच्या पाया पडला, जगनकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

जगनला तीन वर्षांची शिक्षा झाली. काशीबाई आता मिठागरावर एकटीच जाते. महिन्यातून एकदा सुकटीची चटणी घेऊन त्याला भेटायला जाते, जाळीच्या अलीकडे बसते. तो टाच दुखते म्हणून सांगतो, ती ऐकून घेते. मागच्या खेपेला त्याने विचारलं, सुटल्यावर घरात घेशील का गो. पिशवी आवरून ती उठली, आणि म्हणाली, "या तर आधी. मग बघू."