मोठेबाबांच्या पत्रातली ओळ

मोठेबाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोरगावच्या ऑफिसात होते. बाबा एवढंच म्हणाले, "ये. दादा गेले." बहरासाठी कोरड्या ठेवलेल्या संत्र्याच्या बागेचा ताण तोडून पहिलं पाणी सोडायचा तो दिवस होता. झाडांच्या आळ्यांमध्ये पाणी फिरत असताना मोठेबाबा बांधावर टेकले आणि बसल्या बसल्याच... पाणी दुपारपर्यंत तसंच वाहत राहिलं, मोटार बंद करायचं कोणालाच सुचलं नाही. एकवीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला मरण आलं ते आमच्या गावी, सौसरला, जिथून समुद्र पाहायचा तर आधी रेल्वेत एक दिवस आणि एक रात्र काढावी लागते.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मनोहर. मालवाहू जहाजावर ते बोसन होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. त्यांचं जहाज सुट्या मालाचं. कोळसा, गहू, खनिज, जे असेल ते पोत्यांशिवाय सरळ जहाजाच्या पोटातल्या कोठ्यांमध्ये ओततात, हे त्यांनी सौसरच्या चौकात कितीतरी जणांना समजावलं असेल. "मंग आमचे संत्रे बी वततं काय बे, मनोहर?" असं कोणीतरी हमखास विचारायचं. "वततो ना. तू फक्त खाली तोंड उघडून उभा राह्यजो," ते म्हणायचे. कोळसा उतरवून त्याच कोठीत गहू भरायचा असेल तर झाडून, खरवडून, धुऊन ती इतकी स्वच्छ करावी लागे की तपासायला आलेला माणूस भिंतीवरून पांढरं फडकं फिरवून बघे. फडकं काळं झालं की काम पुन्हा पहिल्यापासून. सुटीवर घरी आले की मोठेबाबा दाराच्या चौकटीवरून बोट फिरवत आणि त्यांची बायको, आमची मोठीआई, ओरडे, "हे तुमचं जहाज नोय. उचला ते बोट तिथून!" एकदा कोठीचं झाकण नीट बसलं नव्हतं, पावसाचं पाणी आत गेलं आणि भर समुद्रात गव्हाला कोंब फुटले. ते हिरवं पाहून सगळे अधिकारी डोक्याला हात लावून बसले होते, पण आपल्याला मात्र घरची आठवण आली, असं ते सांगत.

आमच्या बोलक्या घरात मी एकटीच न बोलणारी. पाहुणे आले की आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसायची. "कॉन्व्हेंटवाल्या मॅडम बाहेर नाही येत," असं बाकीचे म्हणत. मोठेबाबा कधी म्हणाले नाहीत. ते आत येऊन माझ्या शेजारी बसत, त्यांचं वर्तमानपत्र वाचत आणि निघून जात.

मी बारावीत असताना ते करार संपायच्या आधीच जहाजावरून परत आले. झालं ते त्यांनी एकदाच सांगितलं. परदेशातल्या एका बंदरात लोखंडाच्या खनिजाचा भुगा भरत होते आणि ढिगावर आधी पाऊस पडून गेला होता. असा माल पारखायची जहाजावर साधी रीत असते. छोटा डबा अर्धा भरायचा आणि पंचवीस वेळा खाली आपटायचा. वर पाणी सुटलं तर माल भरण्यालायक नाही. "वरतं चहासारखं पाणी आलं, पोरी," ते म्हणाले. त्यांनी तो डबा मोठ्या अधिकाऱ्याला नेऊन दाखवला. त्याने तो समुद्रात उपडा केला आणि म्हणाला, भरणं संपत आलंय. तिसऱ्या दिवशी कोठीतला ओला भुगा चिखलासारखा वाहू लागला. जहाज एका अंगाला कललं ते सरळ होईना. कसंबसं जवळचं बंदर गाठलं, कोणाचा जीव गेला नाही. पण जहाज कललं त्या क्षणी कोकणातले अन्वरभाई, जहाजाचे कुक, वरण करत होते. उकळतं पातेलं त्यांच्या दोन्ही पायांवर आलं. कंपनीने कागदावर लिहिलं, कुकने पातेलं नीट अडकवलं नव्हतं, चूक त्याची.

मोठेबाबांनी कंपनीला पत्र लिहायचं ठरवलं. इंग्रजी लिहिणारी घरात मीच. ते त्यांच्या बोलीत सांगत गेले आणि मी लिहीत गेले. शेवटचं वाक्य होतं, माल ओला होता, मी स्वतः डबा आपटून पाहिला आणि जहाज सुटायच्या आधी साहेबांना सांगितलं. पत्र साफ करून लिहायला मी आत गेले तेव्हा बाबा मागून आले. हळूच म्हणाले, "ते शेवटचं नको लिहू. दादाले पुन्हा जहाज नाही भेटणार." मी ते वाक्य सोडून पत्र लिहिलं.

"वाच पाहू," मोठेबाबा म्हणाले. मी मराठीत वाचून दाखवलं. शेवटी जे कागदावर नव्हतं तेही, कागदाकडे बघत, वाचलं. माझा आवाज जराही हलला नाही, याची मला अजून भीती वाटते. सही करायला त्यांनी कागद घेतला आणि प्रत्येक ओळीखालून सावकाश बोट नेलं. एकवीस वर्षं ज्या माणसाने इंग्रजीतले हुकूम वाचून काम केलं त्याला वाचता येत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"एक ओळ राह्यली, पोरी."

बाबा दारात उभे होते.

"भेव वाटला काय?"

"हो," मी म्हणाले. "तुम्हाले पुन्हा जहाज नाही भेटणार म्हणून."

"मले बी वाटून राह्यला," ते म्हणाले. "लिह्य."

खाली उरलेल्या जागेत मी बारीक अक्षरात ती ओळ लिहिली. त्यांनी सही केली. काही महिन्यांनी अन्वरभाईंवरचा ठपका कंपनीने मागे घेतला. मोठेबाबांना मात्र कुठल्याच जहाजाचं बोलावणं आलं नाही. दोन वर्षं त्यांची बॅग पलंगाखाली भरलेली होती. मग एक दिवस त्यांनी ती रिकामी केली आणि बागेत जाऊ लागले. त्या ओळीबद्दल ते माझ्याशी किंवा बाबांशी पुन्हा एक शब्द बोलले नाहीत.

त्यांचा मोबाईल मोठीआईने अजून बंद होऊ दिलेला नाही. रोज चार्जिंगला लावते. तेरवीनंतरच्या आठवड्यात मी तिच्याजवळ बसले असताना तो वाजला. नाव दिसलं, अन्वर कुक. "तू बोल व, मले नाही होत," म्हणत तिने तो माझ्या हातात दिला.

"काय बोसन, किती दिवस झाले, आठवण नाही का आमची?" पलीकडून हसत आवाज आला. मी सांगितलं. त्यांचं हसू थांबलं. मग त्यांनी विचारलं, "आपण कोण?"

"पुतणी."

"पत्र लिहिलेली?" त्यांचा आवाज बदलला. "बोसन नेहमी सांगायचे. म्हणायचे, मी घाबरलो होतो अन्वर, ती ओळ गाळणार होतो, पण पोरीने ऐकलं नाही, म्हणाली लिहायचीच. आमच्या घरात तुमची आठवण काढतात, बाई."

मी हो म्हटलं असतं तर कोणाला कळलं नसतं. मोठीआईलाही यातलं काही ठाऊक नव्हतं.

"नाही, अन्वरभाई," मी म्हणाले. "गाळली मी होती. त्यांनी लिहायला लावली."

मोठीआईने मान वर केली.

"असं काय," अन्वरभाई म्हणाले. "एवढी वर्षं सोबत होतो. बोसनला खोटं बोलता येतं हे आज कळलं." ते हसत होते की रडत होते, मला ओळखता आलं नाही.

फोन ठेवल्यावर मला वाटलं, मोठीआई काही विचारेल. तिने मोबाईल घेतला, किती चार्जिंग उरलंय ते पाहिलं आणि पुन्हा वायर लावली.

"आणखी कोणी कोणी करतीन फोन," ती म्हणाली. "तूच उचलत जाजो."