खाणीतल्या बाईचा दुसरा भाग

माझी शाळा चौथीपर्यंत. त्यातही मास्तरांशी भांडण झालं, तेव्हा चौथी अर्धीच धरा. पण जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगायला मी कुणाच्या बापाला भीत नाही. बाकी या गोष्टीत मी पहिल्यापासून शेवटपर्यंत भ्यालेलाच आहे. ज्याला हसायचं त्यानं आत्ताच हसून घ्यावं.

पाथर्डीकडचं आमचं गाव. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याचं सरकारी काम निघालं आणि सगळं गाव त्याच्यावर जगलं. मी खडी फोडायला होतो. माझी थोरली बहीण मुरमाच्या खाणीवर. नवऱ्यानं टाकलेली, आमच्यातच राहायची. मुरूम खरं तर वरून उतरवत आणायचा असतो. पण खालून पोखरलं की वरचा थर आपोआप कोसळतो, काम झटपट दिसतं. मुकादम बायकांना खालूनच पोखरायला लावायचा. एका दुपारी थर बसला तेव्हा माझी बहीण त्याच्या पोटात होती.

चौकशीला साहेब आला. मुकादमानं सांगितलं, "भाकरीच्या सुट्टीत थराखाली सावलीला झोपाय गेली साहेब. कुनी सांगितलं हुतं?" खाणीवरच्या बायका पदर तोंडात धरून उभ्या राहिल्या. मुकादमानं ज्याला उद्यापासून येऊ नको म्हटलं त्याची चूल बंद, ही सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. तेव्हा माझी बहीण झोपाळू ठरली, तिचं मरण तिच्याच माथी बसलं, आणि काम दुसऱ्या दिवशी पलीकडं नवी खाण पाडून सुरू झालं.

आता पाटीचं सांगतो. मुरमानं भरलेली पाटी एकट्या बाईला डोक्यावर घेता येत नाही. ती एका कडेला हात घालते आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडं बघून दुसरा हात हलवते. बोलायचंसुद्धा नाही. समोरच्यानं दुसरी कड धरायची. वैरी असला तरी धरायची.

बहीण गेल्यावर गावात उठलं, की भर दुपारी खाणीत एक बाई भरली पाटी घेऊन उभी असते आणि हात हलवते. जो हात लावील तो मुरमाखाली जाईल. गाडीवानांनी वाट बदलली. पोरं शाळेला ओढ्यातून जायला लागली. मीसुद्धा ओढ्यातूनच जायचो. ज्या बहिणीनं मला कडेवर घेऊन वाढवलं तिचीच भीती, पण भीती नातं बघत नाही. आई मात्र रोज मुद्दाम खाणीवरून जायची. घरी आली की म्हणायची, "आजबी न्हाई दिसली." आणि जेवायची नाही.

दुष्काळ सरला आणि गावाबाहेर तंबूतला सिनेमा आला. दुष्काळाच्या आदल्या साली त्यांनी एका भुताच्या सिनेमाचा पहिला भाग दाखवला होता. त्यात एक इनामदार मोलकरणीला विहिरीत ढकलतो आणि शेवटी मोकळा सुटतो. लोकांनी चिडून पडद्यावर चपला फेकल्या होत्या. आता त्याचा दुसरा भाग आला. बैलगाडीवर भोंगा बांधून तंबूचा माणूस गावभर ओरडत फिरला. चहाच्या टपरीवर त्यानं आमच्या खाणीचं ऐकलं असणार.

"मायबाप हो! मेलेली बाई परत आली! तुमच्या खाणीतली बाई, आज रुपेरी पडद्यावर!"

आई उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. "आपली हाय म्हनतोय," ती म्हणाली.

"आये, तिकिटं खपवाय बोलत्यात ते."

"तिचा एक फोटू न्हाई आपल्याकडं. बघून तर येऊ."

"भुताचा शिनेमा हाय तो. तुला झेपायचा न्हाई."

"तुला झेपत न्हाई आसं म्हन," आई म्हणाली आणि लुगडं बदलायला आत गेली.

दिवेलागणीला पहिला खेळ लागला. मधोमध कापडी आडोसा, एकीकडं बाप्ये, दुसरीकडं बाया. मागं चार खुर्च्या मानकऱ्यांना. त्यातल्या एका खुर्चीत मुकादम, पायावर पाय टाकून. आई बायकांच्या बाजूला गेली आणि दिसेनाशी झाली. बाहेर इंजिन धडधडायला लागलं.

सिनेमा चांगला की वाईट ते मला सांगता येणार नाही. निम्मा वेळ मी पुढच्याच्या पागोट्याकडं बघत होतो. मग एकाएकी सगळा तंबू गप्प झाला म्हणून मान वर केली. विहिरीच्या काठी ती बाई उभी होती. पांढरं लुगडं, मोकळे केस. पुढ्यात भरलेली घागर. ती वाकली, घागरीच्या काठाला एक हात घातला, आमच्याकडं बघितलं आणि दुसरा हात हलवला.

तंबूतल्या प्रत्येकाला तो हात ओळखीचा होता.

आणि बायकांच्या बाजूनं माझी आई उठली. "आले गं बाई, थांब," म्हणत, बसलेल्यांना ओलांडत ती पडद्याकडं निघाली. घागर उचलू लागायला. तिची सावली पडद्यावर पडली, केवढी थोरली! वर पोचलेला तिचा काळा हात घागरीला लागला.

कुणीतरी किंचाळलं. माणसं माणसांवर पडली, कनात फाटली. यंत्रावरच्या माणसानं घाबरून दिवा बंद केला आणि गुडुप अंधार झाला. मला उठायचं होतं, आईकडं जायचं होतं. पाय उठले नाहीत.

अंधारात मुकादमाचा आवाज आला. भ्याला होता, म्हणून जास्तच मोठ्यानं बोलत होता. "ए म्हातारे! लेक सावलीला झोपून मेली, आन तू आता शिनेमा बंद पाड!"

तेव्हा आडोशापलीकडून एक बाई बोलली. अगदी हळू.

"खालून खन म्हनून कुनी सांगितलं हुतं?"

पळणारेसुद्धा थांबले. मुकादम म्हणाला, "कोन हाय?" मग तिथूनच दुसरा आवाज आला, "मी नको म्हनले हुते, तर मला शिवी दिली ह्यानं." हा आवाज मी ओळखला, आमच्या शेजारणीचा. मग तिसरी बोलली, "ती झोपली नव्हती. टिकाव हातात हुता तिच्या." मग बायका थांबेचनात.

खुर्ची पडल्याचं ऐकू आलं. दिवा लागला तेव्हा मुकादम जाग्यावर नव्हता. त्याला पुढं काही झालं का? काही नाही. दुसऱ्या तालुक्यात काम धरलं त्यानं. पण त्या दिवसानंतर गावात माझ्या बहिणीला झोपाळू म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

आई पडद्यापाशीच उभी होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "आपली न्हाई रं ती. हाताला एक घट्टा न्हाई तिच्या."

"मग उठलीस कशाला?"

"कुनाची का आसंना. एकटीला उचलती का भरली घागर?"

पहिला आवाज कुणाचा होता ते मी नंतर बऱ्याच जणींना विचारलं. जी ती म्हणाली, मी नव्हते बाबा, मी मागाहून बोलले. कुणी कबूल करत नसेल. बायकांनाही नवरे असतात, भीती असते. मी तसंच धरून चालतो. धरायलाच पाहिजे.

त्या दिवशी घरी जाताना मी ओढ्याकडं वळलो. आईनं हाताला धरून खाणीच्या वाटेला ओढलं. "आपल्या मानसाच्या वाटंनं जायाला भितूस?"

"व्हय, भितू," मी म्हणालो. आज तुम्हाला सांगेपर्यंत ते मी एकदाच कबूल केलं होतं, आणि तेही आईजवळ.

"भी मग. पर चल."

खाणीच्या काठावर ती थांबली. खाली नुसता काळोख. कुठंतरी मुरमाचे खडे सुटून घरंगळले तेव्हा मी आईचा पदर धरला. आई वाकली आणि शेजारच्या घरात हाक द्यावी तशी म्हणाली, "ऐकलंस का गं? बोलल्या बाया."

खालून उत्तर येऊ नये म्हणून मी डोळे गच्च मिटून उभा होतो. आई मात्र बराच वेळ हलली नाही. ती वाट बघत होती.